खालचं स्वयंपाकघर

मनहॉल, पेनसिल्व्हेनिया
१२ मार्च २०१९

प्रिय लॉरेटा,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, कुणा मावशीचं पत्र आलं. सगळ्यांना तसंच वाटतं. शाळेत सिस्टर युफेमियांनी पट्टीच्या धाकानं घोटून घेतलेलं हे वळण आता माझं पोट भरतं. छापील पाकिटं लोक न फोडताच टाकून देतात. हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट टाकायला मात्र अजून कुणाचा हात धजत नाही. आत माझा धंदा असतो. तुझ्या कानावर आलं नसेल तर आधीच सांगते : माझा नवरा स्टॅन गेल्यापासून मी गेलेल्या माणसांची घरं विकत घेते. डागडुजी करते, मग विकते किंवा भाड्यानं देते.

तुझ्या आईच्या अंत्यविधीला मी मागच्या बाकावर होते. तुझ्या नवऱ्याचं, वॉल्टरचं, ऑपरेशन असल्यामुळे तुला अ‍ॅरिझोनाहून निघता आलं नाही, असं फादरांनी सांगितलं. बर्फ फार होतं, तरी चर्च भरलं होतं. तुझ्या भावानं, रेनं, कोट घातला होता तो बहुतेक तुझ्या वडिलांचा असावा, बाह्या आखूड होत होत्या. तुझ्या आईला तिच्या निळ्या पोशाखात ठेवलं होतं. केस कुणीतरी नीट विंचरले होते, भांग डावीकडे, ती पाडायची तसाच.

मी दर मंगळवारी शहरात काउंटीच्या कचेरीत जाते. तिथे मृत्युपत्रं नोंदवतात आणि ती कुणालाही वाचता येतात. कुणाचं घर, वारस कोण, सगळं निस्तरायची जबाबदारी कुणावर. खिडकीमागची मुलगी मला ओळखते. ती म्हणते, "मिसेस ग्रेगा, तुम्ही आलात की मला वाटतं आज कुणीतरी गेलं." मी तिला सांगते की जाणारे रोजच जातात, मी फक्त मंगळवारी येते. मागच्या आठवड्यात व्राबेल हे तुमचं आडनाव दिसलं आणि खाली, सगळं निस्तरणारी म्हणून, तुझं नाव, तुझा टुसॉनचा पत्ता. तुझा पत्ता मला असा मिळावा याचं वाईट वाटलं, पण मी तो उतरवून घेतला.

कंपन्यांचे लोक या याद्या घाऊक विकत घेतात आणि फुलं सुकायच्या आत पत्रं पाठवतात. मी महिन्यानंतर चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेपर्यंत, मासपर्यंत, थांबते. तुझ्या आईची मास झाली. मेणबत्ती मी लावली.

नेहमीच्या पत्रात यापुढे मी लिहिते की आपल्या दुःखात मी सहभागी आहे, घर विकायचा विचार असल्यास मला कळवावं, आहे त्या स्थितीत घेईन, साफसफाईसुद्धा करावी लागणार नाही. तुलाही तेच लिहिते. दुसरं काही लिहायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. आपण शाळेत एका बाकावर आठ वर्षं बसलो आणि नंतरची सगळी वर्षं बोललो नाही. तुझ्या मते मी तुझ्या भावाला लग्नाच्या तोंडावर सोडलं. त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही, आताही बोलणार नाही.

वॉल्टरची तब्येत सुधारो.

बर्नडीन

२७ मार्च

प्रिय लॉरेटा,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. घर रिकामं आहे, रेला वकिलानं फेब्रुवारीअखेर निघायला सांगितलं होतं, तो त्याच्या मित्राकडे, एमिलकडे, राहायला गेला, किल्ली शेजारच्या मिसेस पाल्कोंकडे, आकडा कळव. सिस्टर युफेमियांना तुझं हे पत्र आवडलं असतं. त्या म्हणायच्या, विशेषणं ही आळशी मुलींची सोय आहे.

काल गेले. मिसेस पाल्को नव्वदीच्या झाल्या आहेत, पण दार त्यांनीच उघडलं. किल्ली देताना म्हणाल्या, "तू आलीस ते बरं झालं. दुसरं गिधाड आलं असतं तर मी किल्ली दिलीच नसती."

आता घराबद्दल. छप्पर अजून दहा वर्षं काढेल. पुढच्या पायऱ्यांचा कठडा सैल आहे. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण अजून तसंच आहे, त्यावर बसलं की पोटऱ्यांना चिकटतं. वरच्या स्वयंपाकघरात तर काही बदललेलंच नाही. ओव्हनच्या आत त्याची माहितीपुस्तिका अजून पिशवीत आहे. ओट्यावर एकही डाग नाही. तुझी आई म्हणायची ना, हे फादर आले तर दाखवायला.

मी धंद्यातली बाई आहे, घर पाहताना आधी वास घेते. बंद घराला थंड राखेसारखा वास येतो. या घराला कांद्याचा येत होता.

म्हणून तळघराचा जिना उतरले. खाली जुन्या शेगडीवर पातेलं होतं, रेडिओवर बेसबॉलबद्दल दोघेजण भांडत होते आणि रे टेबलाशी बसून बटाटे सोलत होता. बॉयलरच्या बाजूला लोखंडी खाट, त्यावर घडी घातलेलं पांघरूण. मला पाहून तो उठला नाही.

"आलीस? मी म्हणतच होतो, आई गेली म्हणजे बर्नीचं पत्र येणार."

मी म्हटलं, पत्र तुला नाही, लॉरेटाला पाठवलंय.

"तेच ना. मला कोण पाठवतंय."

मी विचारलं, एमिलकडे का गेला नाहीस. तो म्हणाला, गेलो होतो, एमिलची बायको टीव्ही फार मोठ्यानं लावते. मग पुन्हा बटाट्याला लागला. साल एकसंध काढायची त्याची जुनी सवय आहे, तुला आठवत असेल. हात आता थोडे थरथरतात, पण साल तुटत नाही.

तू मला आकडा मागितला आहेस, माणसांबद्दल विचारलेलं नाहीस. तरी तुझ्या कागदावर घर रिकामं आहे असं असेल तर ते बरोबर नाही, एवढं कळवणं माझं काम आहे. मी त्याला विचारलं, नऊ वर्षं आजारी आईचं काय-काय केलंस ते लॉरेटाला एकदा लिहीत का नाहीस? दिवसातून किती वेळा उठवायचास, अंघोळ कोण घालायचं, ते तिला तिकडे बसून कसं कळणार?

तो म्हणाला, "लिहायला बसलो तर ते बिल पाठवल्यासारखं होईल."

मग मी धंद्याचं बोलले. म्हटलं, घर मी घेते, तू राहा, भाडं काय द्यायचं ते दे. त्यानं सुरी खाली ठेवली. "बर्नी, या घरात तू सून म्हणून यायची होतीस. आता मालकीण म्हणून येणार आणि मी पहिल्या तारखेला तुझ्या हातावर चेक ठेवणार? नको. विकलं तर विकलं. मी खोकी आणून ठेवली आहेत."

खोकी खरंच होती, जिन्याखाली, दारूच्या दुकानातून आणलेली. अजून रिकामी.

आकडा वेगळ्या कागदावर लिहिला आहे. तो रास्त आहे. जास्त देणारा कुणी भेटला तर मी वाईट वाटून घेणार नाही.

बर्नडीन

८ एप्रिल

प्रिय लॉरेटा,

काल फोनवर तू जे बोललीस ते मी मधे न बोलता ऐकलं. आता लिहून उत्तर देते, कारण फोनवर मला नीट वाक्यं सुचत नाहीत.

तू म्हणालीस की रेनं नऊ वर्षं फुकट राहून आईच्या पेन्शनवर दिवस काढले, त्याला अजून काय हवंय. तू म्हणालीस की डॅलसच्या कंपनीनं माझ्याहून जास्त आकडा देऊन आठवड्यात रोख व्यवहार कबूल केला होता, आणि मी मधे पडून तो मोडला. आणि म्हणालीस, एकदा त्याला सोडलंस, आता त्याचं घरही घे.

दुसऱ्यापासून सुरुवात करते. कंपनीचा माणूस ब्रँडन परवा घर पाहायला आला. मी मिसेस पाल्कोंकडे केक द्यायला गेले होते. खोटं लिहीत नाही, तो येणार हे त्यांनीच मला फोन करून कळवलं होतं आणि केक मी वाटेत विकत घेतला. तो फोटो काढत वरच्या खोल्यांतून फिरला, स्वयंपाकघर पाहून खूश झाला आणि फोनमध्ये लिहून घेतलं, घर रिकामं, कुणी राहत नाही. कुणीही हेच लिहिलं असतं. आपल्या बाहेरच्या माणसाला कसं कळावं की ज्या घरात वरची शेगडी झगझगीत असते त्या घरात माणसं खाली जेवत असतात? पोलादाच्या गिरणीतून काळे होऊन आलेले तुझे-माझे वडील मागच्या दारानं तळघरात शिरायचे, तिथेच अंघोळ, तिथेच जेवण. वर चढायचे ते रविवारी, चर्चचे बूट घालून.

तो पायऱ्या उतरत होता तेव्हा मी विचारलं, खालचं स्वयंपाकघर पाहिलंत का.

"खालचं? खाली तळघर आहे ना, मावशी?"

मी म्हटलं, बघून या. तो गेला, आणि लगेचच वर आला. रेनं त्याला सूप विचारलं होतं म्हणे. गाडीत बसूनच त्यानं वरिष्ठांना फोन लावला. या धंद्यात राहत्या नातेवाइकाला कुणी हात लावत नाही. कोर्ट, नोटिसा, शेजारी, वर्तमानपत्र. ते दुसऱ्या घराकडे वळतात, घरं पुष्कळ आहेत.

तर हो, मी मोडला. तो गेल्यावर माझाच आकडा उरला, हेही खरं. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आता तुझ्या आईच्या मृत्युपत्राबद्दल. मी कचेरीत ते पुन्हा वाचलं. घर विकावं असं त्यात कुठेही नाही. दोघांना सारखं, एवढंच आहे. दोघांच्या नावावर ठेवून त्याला राहू द्यायचं की विकून वाटून घ्यायचं, हे कायदा तुला सांगत नाही. तुझा वकील विका म्हणतो कारण फाइल लवकर बंद होते. मीही कुणालाही तेच सांगते, कारण माझं पोट त्यावर आहे. तुला सांगत नाही.

वॉल्टरच्या आजारात तुला पैसे लागत असतील तर गोष्ट वेगळी. ते मला विचारायचं नाही. तू मात्र स्वतःला विचार, पैसे हवेत की रेला बाहेर काढायचं आहे.

आणि तिसरं. कुणी कुणाला सोडलं ते रेला विचार. तो सांगणार नाही. तुझे वडील ज्या वर्षी वसंतात गेले त्याच वर्षी उन्हाळ्यात तू वॉल्टरबरोबर पश्चिमेला गेलीस, आणि तुझी आई घरात एकटी उरली, एवढं तुला आठवत असेलच. मी यापलीकडे लिहीत नाही.

तू गुड फ्रायडेला येणार असं म्हणालीस. कागद घेऊन ये म्हणालीस. आणते.

बर्नडीन

२० एप्रिल, पवित्र शनिवार

लॉरेटा,

हे पत्र टपालात टाकत नाही. ईस्टरच्या जेवणाची टोपली चर्चमध्ये आशीर्वादाला नेताना तुझ्या पुढच्या दारातून आत सरकवीन. काल तू मला रस्त्यापर्यंत सोडायला आलीस आणि आपण दोघी माझ्या गाडीच्या टायरकडे पाहत उभ्या राहिलो. तुला काही बोलायचं होतं, मलाही. दोघींनी थंडीबद्दल बोलून घेतलं.

कालचं तुझ्या डोळ्यांसमोर घडलं, पण तू भिंतीकडे पाहत होतीस, म्हणून मी पाहिलं तसं लिहिते.

आपण तिघं खालच्या टेबलाशी बसलो. तू कोट काढला नाहीस. कागदांची बॅग माझ्या मांडीवर होती. रेनं कुणाला न विचारता तीन वाडगे मांडले, घेवड्याचं सूप, वर पार्सली. तू म्हणालीस, आधी काम. तो म्हणाला, "आधी गार होईल."

तू एक चमचा घेतलास आणि तोंड केलंस, अगदी शाळेत सिस्टरांच्या लापशीला करायचीस तसं.

"यात मीठ नाही."

"हो का?" असं म्हणून त्यानं स्वतःच्या वाडग्यातलं चाखलं. तो खरंच चाखत होता, मी पाहत होते. त्याला काही वेगळं लागलं नाही.

तू मीठ मागितलंस. तो उठला, फळीवर पाहिलं, कपाटात पाहिलं, मग जिना चढून वर गेला. वरची कपाटं उघडल्याचे, मिटल्याचे आवाज आपण दोघी ऐकत होतो. खाली येऊन म्हणाला, "मीठ नाहीये. आईला बंद केलं होतं ना डॉक्टरांनी, पहिल्या झटक्यानंतर. घरात असलं की ती चोरून खायची. लोणच्याची बाटली गादीखाली लपवून ठेवली होती एकदा. मग मी सगळंच काढून टाकलं. आता लक्षातच राहत नाही." आणि, "थांब, पाल्कोंकडून आणतो," असं म्हणून मागच्या दारानं गेला, स्वेटरसुद्धा न घालता.

तू चमचा हातात धरून बसलीस. भिंतीवर तुझ्या आईचं जुनं कॅलेंडर होतं, तू त्याकडे पाहत होतीस. मला वाटलं होतं की तू पहिल्या झटक्याबद्दल विचारशील, म्हणजे एकूण किती आले होते, तुला कितीदा कळवलं. तू विचारलं नाहीस. वाडगा उचललास आणि ते सूप तसंच प्यायलीस, घाईघाईनं, तो परत यायच्या आत संपवायचं असल्यासारखं. मग तोंड पुसलंस आणि माझ्याकडे न पाहता म्हणालीस,

"कागद बॅगेतच राहू देत, बर्नी."

तू मला बर्नी म्हणालीस हे तुझ्या लक्षात आलं का, ठाऊक नाही.

रे कपात मीठ घेऊन आला. तुझा रिकामा वाडगा पाहून म्हणाला, मग आता कशाला आणलं मी. तू म्हणालीस, दुसऱ्या वाढीत घालते. त्यानं वाढलं. कागदांचा विषय मागे पडला. वॉल्टरच्या टाक्यांबद्दल बोललात, मिसेस पाल्कोंच्या मांजराबद्दल बोललात. मग मी निघाले.

तुला ठाऊक नसलेलं एवढंच : तू मला सोडून आत गेलीस त्यानंतर रे कचरा टाकायला बाहेर आला. गाडीच्या काचेवर टकटक केली. मी काच खाली घेतली.

"सही झाली का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, लॉरेटा सांगेल.

"म्हणजे झाली," तो म्हणाला. "बरं झालं. रेंगाळत बसण्यात अर्थ नसतो. किल्ली सोमवारी देऊ की मंगळवारी?"

तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. पण ते माझं सांगायचं नव्हतं. त्या घरात मागे एकदा असंच कुणाचं तरी कुणाला काही सांगायचं राहिलं होतं आणि तेव्हाही मी गाडीत बसून निघून गेले होते.

आज पहाटे मिसेस पाल्कोंचा फोन आला. म्हणाल्या, खाली दिवा जळतोय, तो खोकी भरतोय, आणि वर तुझ्या खोलीतला दिवाही जळतोय. दोघं जागी आहात आणि मधे एक जिना आहे.

त्याच्याकडून काही होणार नाही, लॉरेटा. तो विचारणार नाही, गृहीत धरील आणि एमिलकडे जाऊन टीव्ही ऐकत बसेल. वकिलाचं नंतर बघता येईल.

हे पत्र वाचून झालं की इथेच ठेव आणि खाली जा.

बर्नी